चढाला जोरात, उताराला जपून: जुनी आरएक्स १०० हाती आलेल्या नवख्यांसाठी

जुनी यामाहा आरएक्स १०० घेतली की नवखा माणूस पहिल्या महिन्यात दोनांपैकी एक चूक करतो. एक तर गाडी देव्हाऱ्यात बसवतो. चाळीसच्या पुढे काटा जाऊ देत नाही, रविवारी फडक्यानं पुसतो, फोटो काढतो. नाहीतर कोल्हापुरात रंकाळ्याच्या कडेनं अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पिळत सुटतो आणि चौथ्या आठवड्यात गाडी ढकलत उद्यमनगरात मिस्त्रीकडे येतो. मी दुसऱ्या जातीचा. त्यामुळे खाली जे शहाणपण दिसेल त्यातलं बरंचसं पैसे मोजून घेतलेलं आहे.

पहिल्या चुकीबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून आधी तीच. आरएक्सचं टू-स्ट्रोक इंजिन कायम हळू चालवलं तर ते टिकत नाही, तुंबतं. पेट्रोलबरोबर जळणारं ऑइल कमी उष्णतेत नीट जळत नाही. सायलेन्सरच्या जाळीवर आणि सिलिंडरच्या एक्झॉस्टच्या तोंडाशी काजळी धरते, प्लग तेलकट होऊन शॉर्ट होतो आणि गाडी मिसिंग मारायला लागते. मग मालक म्हणतो, एवढी जपतो तरी गाडी ओढत नाही. तिला आठवड्यातून एकदा मोकळा रस्ता दाखवणं हाही देखभालीचाच भाग आहे.

म्हणजे जोरात चालवणं हा गुन्हा नाही. फक्त कुठे जोरात, हे ठरवून घ्यावं लागतं. माझा हिशेब असा: चढ इंजिनाचा, उतार ब्रेकचा. चाळीस वर्षांपूर्वीच्या या इंजिनावर आजही भरवसा टाकता येतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या ब्रेकवर टाकता येत नाही.

गाडी मुळात काय आहे

नोव्हेंबर १९८५ मध्ये एस्कॉर्ट्सनं यामाहाच्या साथीनं ही गाडी आपल्याकडे आणली. १९९६ मध्ये दुचाकींसाठी प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि त्याच वर्षी तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे सगळ्यात धाकटी आरएक्स १०० सुद्धा आज तिशीच्या आसपास आहे. ५० मिलिमीटर बोअर, ५० मिलिमीटर स्ट्रोक, ९८ सीसी, ७५०० आरपीएमला ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. कागदावर यात काही विशेष नाही. पण तेव्हाच्या फोर-स्ट्रोक १०० सीसी गाड्या सात-साडेसात अश्वशक्तीच्या होत्या, आणि टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो. म्हणून मूठ फिरवली की गाडी विचार करत बसत नाही. मजा सगळी तिथे आहे.

‘जपान इंजिन आहे’ असं सांगून दहा-वीस हजार जास्त मागणारा विक्रेता तुम्हाला भेटेलच. सुरुवातीच्या गाड्यांत जपानहून आलेले भाग होते, हे खरं. पण तीनदा बोअर झालेल्या (म्हणजे सिलिंडर आतून घासून मोठा केलेल्या), दोनदा कनेक्टिंग रॉड बदललेल्या इंजिनात जपानचं नेमकं काय उरलंय, ते त्याला हसून विचारा.

पायरी पहिली: घेताना

इंजिन आणि चासी नंबर आरसीशी ताडून पाहा. या गाड्यांच्या चोऱ्या खूप झाल्या आहेत आणि नंबर घासून पुन्हा ठोकलेल्या गाड्या फिरतात. आकडे एका ओळीत नसतील, आजूबाजूचा धातू घासलेला दिसत असेल, तर गाडी कितीही देखणी असो, पाय मागे घ्या. आरसीचं नूतनीकरण झालं आहे का, तेही बघा. पंधरा वर्षांनंतर ते करावं लागतं, मग दर पाच वर्षांनी, आणि त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. ‘करून देतो की’ या वाक्यावर पैसे देऊ नका.

मालकाला आधीच सांगून ठेवा की गाडी थंड पाहिजे. तुम्ही पोचायच्या आत इंजिन गरम करून ठेवलं असेल, तर त्याला काहीतरी लपवायचं आहे. थंड गाडी चोक ओढून दोन-तीन किकांत सुरू व्हावी. सुरुवातीचा निळसर धूर चालतो. पाच मिनिटांनीही पांढरा धूर ढगासारखा येत असेल, तर क्लचच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील गेलं आहे आणि इंजिन गिअरचं ऑइल पितंय. मूठ सोडल्यावर आवाज लगेच खाली येत नसेल, वरच लटकत असेल, तर बहुधा मॅग्नेटच्या बाजूचं सील हवा खेचतंय. या दुसऱ्या दुखण्याकडे नवखे दुर्लक्ष करतात, कारण तेव्हा गाडी उलट जास्तच चपळ वाटते. बाहेरची हवा आत आली की पेट्रोल-ऑइलचं प्रमाण घटतं आणि पिस्टन भाजतो. मरायच्या आधीची चपळाई असते ती.

एक युक्ती. प्लग काढा, किकनं पिस्टन वर आणा आणि प्लगच्या भोकातून बॅटरीचा उजेड टाका. काजळी फार नसेल तर पिस्टनच्या माथ्यावर ठोकलेला आकडा दिसतो: २५, ५०, ७५, १००. म्हणजे सिलिंडर किती वेळा वाढवलाय, याचा हिशेब. १०० दिसलं तर ही शेवटची पायरी. पुढच्या खेपेला स्लीव्ह टाकावी लागणार. त्याप्रमाणे भाव पाडा.

पायरी दुसरी: जोरात चालवण्याआधीचा खर्च

इथे तुम्हाला वाईट वाटेल. गाडीला जेवढे पैसे मोजलेत, त्याचा तिसरा हिस्सा तरी अजून बाजूला ठेवा, आणि त्यातला पहिला रुपया इंजिनावर खर्च करू नका.

पहिला रुपया ब्रेकवर. पुढे-मागे ड्रम आहेत, १३० मिलिमीटरचे. नवीन असतानाही ते गाडीच्या वेगापुढे थोडे कमीच पडायचे. चाकं खोलून ड्रम लेथवर तपासून घ्या, अंडाकृती झालेला असतो. नवीन लायनर घ्याल तेव्हा ते दुकानात किती वर्षं पडून होते ते विचारा. जुन्या मालाचा गोंद सुटतो आणि लायनर ड्रममध्ये अडकून चाक जाम होतं. पुढची ब्रेक केबल नवी टाका. ब्रेक दाबल्यावर ड्रमवरचा दांडा आणि केबल यांत साधारण काटकोन व्हायला हवा. तो होत नसेल तर दांडा काढून एक दात पुढे-मागे सरकवून बसवा. एवढ्यानंच ब्रेक निम्मा सुधारल्यासारखा वाटतो, आणि याला पैसे लागत नाहीत.

दुसरा रुपया टायर, कोनसेट (हँडल फिरतं ती बेअरिंग) आणि चिमटा बुश (मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचं बुश) यांवर. मूळ टायर पुढे २.५०-१८, मागे २.७५-१८. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२३१६’ लिहिलं असेल तर तो २०१६ चा टायर आहे, नक्षी शाबूत असली तरी रबर दगड झालंय. चिमटा बुश गेलं असेल तर वळणात मागचं चाक स्वतःच्या मनानं चालतं. मागचं चाक हातानं डावीकडे-उजवीकडे ढकलून बघा, खडखड झाली की समजा.

मग इंजिन. बोअर करायचं ठरलं तर क्रम लक्षात ठेवा: आधी पिस्टन घ्या, मग त्या पिस्टनच्या मापानं सिलिंडर बोअर करा. कोल्हापुरात याची चंगळ आहे. उद्यमनगर हे लेथवाल्यांचं गाव, ऑइल इंजिनांच्या काळापासून. पण गर्दीच्या दिवशी ‘पन्नासचा साइज काढून ठेवतो, पिस्टन नंतर आणा’ म्हणणाराही भेटतो. नको. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत, चार-पाच इतकीच असते, आणि दोन कंपन्यांच्या एकाच साइजच्या पिस्टनांत तेवढा फरक सहज निघतो. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा हलक्या घासून मोडल्यात ना, ते बोट फिरवून बघा. धारदार कड रिंगला अडकते. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टच्या बाजूला. हे मिस्त्रीला माहीत असतंच, पण आपण बघितलं तर तो चिडत नाही.

सिलिंडर उघडलाच आहे तर दोन्ही ऑइल सीलं बदला. डबल काम नको, असं मिस्त्री म्हणाला तरी बदला.

ऑइल पंप: याला वेगळा मथळा हवा

आरएक्समध्ये ऑइलची टाकी वेगळी असते आणि पंप गरजेप्रमाणे ऑइल सोडतो. गरज त्याला दोन गोष्टींवरून कळते: इंजिन किती फिरतंय आणि तुम्ही मूठ किती उघडली आहे. मुठीची एक केबल पुढे दोन होते; एक कार्बोरेटरला, एक पंपाला. आता गंमत अशी की कार्बोरेटर साफ करताना बहुतेक ठिकाणी फक्त पहिली केबल जुळवली जाते. पंपाची केबल ढिली राहिली तर तुम्ही मूठ पूर्ण उघडली तरी पंपाला वाटतं साहेब निवांत चाललेत. पंपाच्या चाकावर खूण असते, ती जुळवून घ्या. टाकीतून येणारी नळी पारदर्शक टाका. हवेचा बुडबुडा दिसला तर पंपाचा स्क्रू ढिला करून तो बाहेर येऊ द्या.

पुष्कळ लोक पंप काढून टाकतात आणि सरळ पेट्रोलमध्ये ऑइल मिसळतात, लिटरला वीस मिलिलिटर. त्यात वाईट काही नाही, पण पंपावर जाताना प्रत्येक वेळी माप आणि बाटली सोबत हवी. शिवाय गावात हळू फिरताना गाडी धूर जास्त मारते. मी पंप ठेवलाय. घाटाच्या दिवशी मात्र पेट्रोलमध्ये लिटरला पाच-सात मिलिलिटर वरून टाकतो. गरज नसेलही. मला झोप लागते. ऑइल मात्र टू-टी लिहिलेलंच, चांगल्या दर्जाचं. कारचं उरलेलं ऑइल नाही.

पेट्रोलबद्दलही इथेच सांगतो. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ही गाडी त्याच्या कितीतरी आधीची. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, म्हणून पेट्रोलची नळी, कॉकचं वायसर, कार्बोरेटरमधली सुई बदलून घ्या. ते ओल धरतं, म्हणून महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आतून गंजते. आणि त्याच्याबरोबर ऑक्सिजन येत असल्यानं जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) मिश्रण पातळ पडतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. म्हणजे परत तोच भाजणारा पिस्टन. मेन जेट एक नंबर वाढवून प्लगचा रंग बघा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर ठीक. पांढरा फटक दिसला तर त्या दिवशी घाट रद्द.

पायरी तिसरी: पहिले हजार किलोमीटर

बोअर झालेली गाडी पहिले पाचशे किलोमीटर अर्ध्या मुठीवर. पण एकाच वेगात नाही. कळे, साळवण असा साधा रस्ता धरा, वेग वर-खाली करत राहा, मध्येच थांबून चहा घ्या, इंजिन थंड होऊ द्या. पाचशेच्या पुढे थोडी थोडी मूठ वाढवायची: पाच सेकंद ओढ, सोड, परत. हजार झाले की गाडी तुमची.

हा काळ कंटाळवाणा आहे. पण याच काळात तुम्ही तिचे आवाज शिकता. आरएक्सला आरपीएमचा काटा नाही. कान हाच काटा.

पायरी चौथी: चढ

आता मजा. करूळ घाट, खालून वैभववाडीहून वर गगनबावड्याला येताना, सकाळी सात-साडेसातला. त्याआधी दोन गोष्टी. इंजिन गरम झाल्याशिवाय मूठ पूर्ण उघडायची नाही. थंड सिलिंडरमध्ये पिस्टन आधी गरम होऊन फुगतो, सिलिंडर मागाहून. तेवढ्यात ओरखडे पडतात. पाच-सहा किलोमीटर शांत चाला. दुसरं, ऊस तोडणीचे महिने असतील तर घाटापर्यंतच्या रस्त्यावर ऊस, चिखल आणि मागे दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या आहेत असं गृहीत धरा. अंधारात मी त्या रस्त्याला गाडी काढतच नाही. आरएक्सचा हेडलाइट दिवा लागला आहे एवढं इतरांना कळावं, इतपतच उजेड देतो.

चढावर नवख्याची सवय अशी की मोठा गिअर टाकून मूठ पूर्ण पिळायची आणि गाडी घुसमटत न्यायची. फोर-स्ट्रोकवर हे चालून जातं. इथे नाही. खालच्या फेऱ्यांत या इंजिनात दम नाही. साधारण पाच हजारांच्या पुढे आवाज बदलतो, घरघर जाऊन तो सुरेल होतो, आणि सीटनं तुम्हाला मागून ढकललं की समजा, ताकदीच्या पट्ट्यात आलात. तो पट्टा अरुंद आहे. चारच गिअर आहेत. म्हणून वळणाच्या आधी गिअर पाडा, वळणाच्या मध्ये नाही. वळणात मूठ थोडी उघडी ठेवून बसा आणि रस्ता सरळ दिसायला लागला की उघडत जा. गिअर खाली टाकताना मूठ एकदा झटकन फिरवून मग क्लच सोडा, म्हणजे मागचं चाक उडी मारत नाही.

हा चढ नीट जमला तर वेग साठच्या पुढे फारसा जात नाही, हे लक्षात घ्या. ताशी साठ. नव्या दोनशे सीसी गाडीवर साठला माणसाला झोप येते. आरएक्सवर साठला तुम्ही हात, पाय, कान, सगळं वापरत असता, मागच्या वळणावरचा तुमचाच आवाज दरीतून परत येत असतो, आणि जळलेल्या टू-टी ऑइलचा वास हेल्मेटमध्ये शिरलेला असतो. जुनी गाडी जोरात चालवण्याचं सुख म्हणजे कमी वेगात जास्त काम. ते कळेपर्यंत मी ही गाडी हायवेवर नव्वद-पंच्याण्णवनं हाकत होतो, ट्रकच्या वाऱ्यानं हलत होतो आणि त्यालाच मजा समजत होतो. शंभर किलोची गाडी सहापदरी रस्त्यावर घालू नका. तिथे तिचं काही नाही.

सलग पाच-सात मिनिटं पूर्ण मूठ झाली की मधूनच अर्ध्यावर आणा. घाट चढून आल्यावर लगेच बंद करू नका. एक-दोन किलोमीटर सपाटीवर हळू चालवा, फिनांमधून वारा जाऊ द्या.

पायरी पाचवी: उतार

माझी गाडी करूळ घाट उतरताना जाम झाली, चढताना नाही. कार्बोरेटर आदल्या दिवशीच साफ केला होता, पंपाची केबल ढिली राहिली होती. पण दोष निम्मा माझाच. वरपर्यंत जोरात आलो होतो, वर फोटो काढायलाही थांबलो नाही, तसाच उताराला लागलो, मूठ बंद करून तिसऱ्या गिअरवर गाडी सोडून दिली. इंजिन तापलेलं, फिरतंय जोरात, आणि मूठ बंद म्हणून पेट्रोलही नावापुरतं आणि ऑइलही नावापुरतं. चौथ्या की पाचव्या वळणावर आवाज बारीक होत किंचाळल्यासारखा झाला आणि मागचं चाक घासायला लागलं.

क्लच दाबला म्हणून वाचलो. नंतर मिस्त्रींनी सिलिंडर हातात घेऊन दाखवला. ॲल्युमिनियमचे पट्टे लिंपल्यासारखे. म्हणाले, ‘‘मूठ बंद करून उतरलास व्हय? आणि मग त्याला तेल कोण पाजणार, तुझा मामा?’’

तर उताराचे नियम. डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर. जाम होण्याच्या आधी अर्धा-एक सेकंद ताकद अचानक गेल्यासारखी वाटते. तेवढ्यात क्लच दाबायचा, ब्रेक हळू लावत कडेला यायचं. कारण शोधत बसायचं नाही. लांब उतारावर पंधरा-वीस सेकंदांनी क्लच दाबून मूठ एक-दोनदा फिरवा, म्हणजे ऑइलमिश्रित पेट्रोल पिस्टनपर्यंत जातं. आणि वर पोचल्यावर दहा मिनिटं थांबा. फोटो काढा एकदाचे.

टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेक जवळजवळ नाही, त्यामुळे उताराचा सगळा भार ड्रमवर. सतत हलका ब्रेक दाबून ठेवलात तर ड्रम तापतो, लायनर सुळसुळीत होतो आणि खालच्या वळणांवर लीव्हर दाबूनही गाडी पुढेच जाते. म्हणून वळणाआधी एकदा नीट, ठाम ब्रेक लावायचा, वेग पाडायचा आणि सोडायचा. ड्रमला वारा लागू द्यायचा. पावसाळ्यात ड्रममध्ये पाणी गेलं की पहिला ब्रेक लागतच नाही. ओढा ओलांडल्यावर चालता चालता दोनदा हलका दाबून तो वाळवून घ्या. मागे कुणी बसलं असेल तर हे सगळं दुप्पट लवकर होतं. मी उताराला डबल सीट घेत नाही. मित्र रागावतात, एसटीनं येतात.

जाम झालेली गाडी लगेच किक मारून बघू नका. अर्धा तास जाऊ द्या. मग गिअरमध्ये टाकून गाडी हातानं मागे-पुढे हलवा. सुटली तर प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी सोडा, हळू किक फिरवा, सुरू झाली तर चाळीसच्या आत घरी आणि सिलिंडर उघडायचाच. ‘चालतेय की’ म्हणून पुढच्या रविवारी परत घाटात नेणारे मी पाहिले आहेत. पुढच्या खेपेला कनेक्टिंग रॉडही जातो.

सोबत काय हवं

दोन प्लग आणि पाना, क्लच केबल, चेनचं लॉक, पॉइंट घासायला बारीक पॉलिश पेपर, टू-टीची लहान बाटली, फडकं. आरएक्स १०० ला पॉइंटचं इग्निशन आहे, म्हणजे उघड-मिट करून प्लगला ठिणगी देणारे धातूचे संपर्क. पॉइंट जळले की गाडी वरच्या फेऱ्यांत तुटक तुटक चालते आणि नवखा कार्बोरेटर खोलून बसतो. आधी पॉइंट बघा. पुष्कळांनी नंतरच्या मॉडेलांचं सीडीआय, म्हणजे पॉइंट नसलेलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन, बसवलेलं असतं. मूळ वस्तूंचे भक्त नाक मुरडतात, पण घाटात चालत घरी यावं लागत नाही. आयएसआयचं हेल्मेट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट यांवर मी भाषण देणार नाही. घाला.

दुसऱ्यांना बसणारी किंमत

टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येत असतानाच एक्झॉस्ट उघडा असतो, त्यामुळे न जळलेलं पेट्रोल धुरासोबत बाहेर जातं. तुमच्या मागे स्कूटरवर लेकराला घेऊन बसलेल्या बाईला ते नाकानं कळतं. मार्च २००० पूर्वीच्या दुचाकींना पीयूसीत सवलत आहे: कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के, हायड्रोकार्बन ९००० पीपीएमपर्यंत. नीट जुळवलेली आरएक्स त्यात बसते. याचा अर्थ ती स्वच्छ आहे असा नाही. म्हणून मी रोज कामाला हिच्यावर जात नाही, आणि सिग्नलला थांबलो तर बंद करतो.

सायलेन्सर मूळचाच ठेवा. मोकळ्या सायलेन्सरनं गाडी पळते, हा समज बहुतेक वेळा कानाचा असतो. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर आतल्या आकारानं दाबाच्या लाटा परत पाठवून ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये कोंडतो. जाळी काढली, आकार बदलला की खालची ओढ जाते आणि जेट पुन्हा जुळवावे लागतात. शिवाय पोलीस असे सायलेन्सर जप्त करून त्यावर रोडरोलर फिरवतात, ते दृश्य पाहवत नाही. दर तीन-चार हजार किलोमीटरला जाळी काढून काजळी जाळून, घासून साफ करा. एवढ्यानं मिळणारी ओढ कुठल्याही नव्या सायलेन्सरपेक्षा जास्त असते.

ॲव्हरेज विचारू नये, पण विचारालच. माझी गावात चाळीसच्या आसपास देते, घाटात जोरात नेली की अठ्ठावीस. वर ऑइल वेगळं. मिस्त्रींचं बिल वेगळं.

घरी आल्यावर

गाडी थंड झाली की प्लग काढून रंग बघा, ब्रेकची केबल एक-दोन फेरे आवळा, चेनला ऑइल लावा, ऑइलची टाकी भरून ठेवा. आणि पेट्रोलचा कॉक बंद करा. मी एकदा विसरलो. कार्बोरेटरमधली सुई घासलेली होती, रात्रभर पेट्रोल क्रँकमध्ये झिरपत राहिलं. सकाळी किक खालीच जाईना. प्लग काढून मारली तर पेट्रोलचा फवारा थेट तुळशीवर. आईनं त्या दिवसापासून गाडीची जागा परड्यात, शेणखताच्या पलीकडे ठरवून दिली आहे, आणि आत येताना ती अजून विचारते: ‘‘कॉक?’’